समुद्रात जीव गरम राहते

लेखन हा माझा प्रांत नव्हे. उतारवयात त्यात पाऊल टाकण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर लाल शाईच्या खुणा केल्या. आता स्वतःची चार पाने लिहिताना हात अडखळतो. तरी लिहितो, कारण गेल्या रविवारी एका बाईने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिच्याकडे आठवड्याची मुदत मागितली.

ती माझ्या मित्राची वहिनी. मित्र गांधीबागेत कापडाच्या दुकानात होता. त्याचा थोरला भाऊ डिझेल इंजिनांचा मिस्त्री. चांगल्या पगारासाठी तो नागपूर सोडून रत्नागिरीकडच्या एका बंदरावर, मासेमारीच्या लाँचवर गेला. एका वादळात ती लाँच परतली नाही. माणसे मिळाली नाहीत, फळीसुद्धा मिळाली नाही. घरी आईने तेरवी करू दिली नाही. ‘तोंड पाह्यल्याबिगर कशी करू?’ एवढेच ती म्हणे. वहिनीचे कुंकू तसेच राहिले. पुढच्या वर्षी आईने धाकट्याला सांगितले, ‘तू जाय. ते पाणी पाहून ये. त्यात पडलेलं माणूस जगते का, मले येऊन सांग.’

एकट्याला जाणे त्याच्याने होईना, म्हणून आम्ही दोघे मित्र सोबत निघालो. दुकानात त्याने कारण दिले की दोस्तांबरोबर मोठा मासा धरायला जातो. आमच्यापैकी कोणीही तोवर समुद्र पाहिला नव्हता. तिसरा मित्र हिंगण्याच्या कारखान्यात होता. बंदरावर उभे राहून तो म्हणाला, ‘काहून घाबरता बे? आपला अंबाझरी तलावच तर हाय, फक्त पलीकडची पाळ दिसून नाही राहिली.’ आम्ही हसलो. आम्ही तिथल्याच एका लाँचवर चढलो. ती किनाऱ्यापासून दूर गेली आणि मागची पाळही दिसेनाशी झाली, तेव्हा तोच सर्वांआधी ओकू लागला.

‘अंबाझरी केवढी मोठी झाली गा?’ मित्राने विचारले.

‘चूप बस. मले मरू दे.’

लाँचचा तांडेल, म्हणजे तिचा प्रमुख, थोरल्याला ओळखत होता. दुपारच्या सुमारास त्याने इंजिन मंद केले, एक नारळ पाण्यात सोडला आणि म्हणाला, ‘तुमच्या भावाची लाँच इथपर्यंत दिसलेली.’ मित्राने त्याला आईचाच प्रश्न विचारला. तांडेल नारळाकडे पाहत राहिला. ‘पाण्यात पडलेल्याची रात्र निघत नाय, भाऊ,’ तो म्हणाला. मित्राने मान हलवली. मला वाटले, आमचे काम संपले. आता परत फिरावे.

पण तेवढ्यात समोर पक्ष्यांचा थवा पाण्यावर तुटून पडला. खलाशी ओरडले, ‘कुपा!’ म्हणजे मोठा ट्यूना मासा. गळाची दोरी सुटली आणि तिला असा हिसका बसला की लाँचच कोणीतरी खालून धरली असे वाटले. मित्राने हातांना फडके गुंडाळले आणि दोरी मागितली. तांडेल नको म्हणाला, तरी त्याने घेतली. मासा खोल जाई, दोरी हातांतून सळसळत जाई; मग पुन्हा ओढायचे. फडके लाल झाले. ‘सोड गा, खलाशाले दे,’ आम्ही म्हणत होतो. तो आमच्याकडे न पाहता पुटपुटत होता, ‘ये. ये नं. वर ये.’ तो माशाशी बोलत नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळले. हिंगणेवाल्याने पुन्हा थट्टा केली नाही.

शेवटी आकडीने मासा वर ओढला. माणसाएवढा होता. त्याच्या शेपटीने फळ्यांवर मारलेले तडाखे मला अजून ऐकू येतात. घरात कोणी दार वाजवले तरी मी दचकतो. तडाखे थांबले, पाठीवरचा निळा रंग डोळ्यांदेखत विझला. मित्र गुडघ्यांवर बसला आणि आपले फाटलेले तळवे त्याने माशाच्या कुशीवर ठेवले. मग झटक्याने आमच्याकडे वळला.

‘गरम हाय,’ तो म्हणाला. ‘हात लावून पाहा. थंड्या पाण्यातून आला अन् गरम हाय.’

मी हात लावला. खरेच, ताप आलेल्या माणसाचे अंग असावे तसे लागले. ‘कुपा असाच असतो,’ तांडेल म्हणाला. पुढे मी पुस्तकातही वाचले की या माशाचे रक्त ऊन असते. मित्राला त्याचे काही नव्हते. बंदर येईपर्यंत त्याने हात उचलले नाहीत.

नागपूरला पोहोचलो तेव्हा आई ओसरीवर बसली होती. दाराआड वहिनी, तिच्या कडेवर लहान मुलगी. आईने पाणीही विचारले नाही.

‘पाह्यलं?’

‘पाह्यलं, माय.’ त्याने पट्ट्या बांधलेले हात पुढे केले. ‘समुद्रात जीव गरम राहते. मी हात लावून पाह्यला.’

तांडेलाचे वाक्य त्याने सांगितले नाही. आईने ते हात कपाळाला लावले. ती गेली तोवर तिने तेरवीचे नाव काढू दिले नाही. मित्रापुढे विषय निघाला की तो चपला घालून बाहेर पडतो.

ती कडेवरची मुलगी आता लग्नाची आहे. गेल्या रविवारी वहिनी आल्या त्या त्यासाठीच. केस पिकलेले, कुंकू तेवढेच ठसठशीत.

‘भाऊजी, पत्रिका छापाची हाय. पोरीच्या बापाच्या नावाआधी काय लिहू? श्रीयुत की कैलासवासी?’ मग त्या म्हणाल्या, ‘तुम्ही होते नं तिथं? त्या “गरम” शब्दावर मी आजवर कुंकू लावलं. सांगा, हात कोणाले लावला होता?’

उद्या पुन्हा रविवार आहे. तो मासा होता, हे मी त्यांना सांगावे का?