घरचा सर्व्हर

बाहेरच्या वस्तूवर आमच्या साडूंइतका अविश्वास ठेवणारा माणूस हावड्याच्या पुलाच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरा सापडणार नाही. देवाने जगाचे गरीब-श्रीमंत, आस्तिक-नास्तिक असे हवे तेवढे भाग पाडले असोत, साडूंच्या लेखी भाग दोनच: घरचं आणि बाहेरचं. घरचं ते चांगलं, आणि बाहेरचं ते पोटाला, डोक्याला किंवा चारित्र्याला बाधणारं. कोलकात्यात एकोणीस वर्षं काढूनही या गृहस्थांनी इथल्या रसगुल्ल्याला बोट लावलं नव्हतं. दर पन्नास पावलांवर मिठाईचं दुकान असलेल्या शहरात हा संयम म्हणजे तपश्चर्याच, फक्त ती कशासाठी चालली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. दह्याचं विरजणसुद्धा त्यांनी येताना सांगलीहून आणलं होतं. सबंध प्रवासभर ते त्याचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि समोरच्या बाकावर ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "दोघांपैकी कोणाला जास्त जपून आणलं ते मला विचारू नका," असं ताई अजूनही म्हणतात.

केसही ते घरीच कापत, दोन आरसे समोरासमोर ठेवून, स्वतःच्या हाताने. त्यामुळे पुढून पाहिलं तर एखादे मुख्याध्यापक वाटावेत आणि मागून पाहिलं तर गाईने अर्धवट चरून सोडलेलं कुरण. ऑफिसातल्या एका बंगाली सहकाऱ्याच्या लग्नाला गेले ते पोळीभाजीचा डबा घेऊन. सगळी पंगत माशाच्या तुकड्यांवर तुटून पडलेली आणि हे शांतपणे दुधी भोपळा खातायत. नवऱ्या मुलीच्या आजीला वाटलं, बिचाऱ्याला काही मोठा आजार आहे. तिने जाताना यांच्या डोक्यावर हात ठेवून पुष्कळ आशीर्वाद दिले. घरातले सगळे फोटो दोन हार्ड डिस्कवर आणि त्या डिस्क तांदळाच्या डब्यात, कारण इथली दमट हवा. एकदा ताईंनी खिचडीसाठी डब्यात वाटी घातली आणि वाटीबरोबर अख्खी दार्जिलिंगची सहल वर आली. माझी बँकेतली बदलीची नोकरी, मी इथे तीनच वर्षं होतो. पण साडू कुणाकडे जात नसल्यामुळे दर रविवारी आम्हीच त्यांच्याकडे जायचो आणि असल्या गोष्टी ऐकून पोट धरून हसायचो.

असा माणूस पोटापाण्यासाठी गार्डन रीचमधल्या एका लहानशा कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं पाहत होता. ही कंपनी जहाजांना आणि ताग गिरण्यांना लागणारे रबरी वॉशर आणि पॅकिंग बनवते. मालक वयस्कर बंगाली गृहस्थ, सारं ऑफिस त्यांना बोरोबाबू म्हणतं. कंपनीची ई-मेल बाहेरच्या एका होस्टिंगवाल्याकडे होती, आणि आपल्याला पगार देणारा माणूस आपली पत्रं परक्याच्या घरी ठेवतो हे शल्य साडूंना कित्येक वर्षं टोचत होतं. मग एका सोमवारी ती मेल दिवसभर बंद पडली. साडूंनी होस्टिंगवाल्याला फोन केला आणि विचारलं, "आमची पत्रं ज्या मशीनवर आहेत ते मशीन कुठल्या गावात आहे? मी येऊन बघतो." पलीकडच्या मुलीला असला प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, सांगता येणार नाही. झालं! "जो माणूस आपली पत्रं कोणत्या गावात आहेत हेही सांगू शकत नाही, त्याच्याकडे ती ठेवायची?" असं म्हणत साडू बोरोबाबूंच्या खोलीत शिरले आणि बाहेर आले ते स्वतःचा सर्व्हर बसवायची परवानगी घेऊनच. आत असताना भरीला एक प्रतिज्ञाही करून आले. नव्या व्यवस्थेमुळे कंपनीचं काम अडलं तर आपण दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊ. वय चोपन्न, मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ताईंनी हे ऐकलं आणि त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं.

नमुन्यांची जुनी खोली रिकामी झाली. रबराचा वास जावा म्हणून साडूंनी तिथे आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवल्या, स्वतः जमीन पुसली, सर्व्हर बसवला, त्याला इन्व्हर्टर जोडला आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली. ऑफिसातले लोक त्या खोलीला ठाकुरघर म्हणू लागले, म्हणजे आपलं देवघर. पत्रं आणायचं काम मात्र त्यांनी असं केलं की बघत राहावं. शनिवार-रविवार बसून अकरा वर्षांची सगळी मेल, प्रत्येकाच्या प्रत्येक कप्प्यासकट, जशीच्या तशी घरात आणली. एक पत्र इकडचं तिकडे झालं नाही. सोमवारी सकाळी बाहेरची पहिली मेल थेट त्या खोलीत येऊन पडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी साडूंनी मला फोन केला आणि म्हणाले, "साडूभाऊ, आज लेक माहेरी आल्यासारखं वाटतंय."

पण मंगळवार गेला, बुधवार गेला आणि कंपनीच्या एकाही पत्राला उत्तर येईना. गुरुवारी बजबजच्या ताग गिरणीतून खरेदीवाल्या बाबूंचा फोन आला: तुमचा भाव अजून आला नाही, शनिवारी आम्ही ऑर्डर दुसऱ्याला देऊन टाकू. भाव तर सोमवारीच पाठवला होता! शोधाशोध झाली तेव्हा कळलं की कंपनीची सगळी पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतायत. साडूंची मांडणी अगदी बिनचूक होती, सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या. फक्त गार्डन रीचमधल्या या नव्या सर्व्हरला जगात कुणी ओळखत नव्हतं, आणि अनोळखी दारातून आलेलं पत्र मोठ्या मेलवाल्या कंपन्या आधी बाजूला काढतात. पत व्हायला वेळ लागतो. लोकांनी पत्र स्पॅममधून बाहेर काढावं, उत्तर द्यावं, मग हळूहळू ती तयार होते. बोरोबाबू भले माणूस, ते एवढंच म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. नाहीतर जुन्या जागी परत जाऊ." राजीनाम्याचं नाव त्यांनी काढलं नाही, पण साडू ते विसरणारे नव्हते.

संध्याकाळी मी गेलो तर साडू पानावर नुसते बसले होते. फोन करून लोकांना सांगितलं, पण "देखछी, देखछी", म्हणजे बघतो, बघतो, म्हणण्यापलीकडे कुणी काही करत नव्हतं. ताई वाढता वाढता म्हणाल्या, "नवीन ठिकाणी राहायला आलं की काय करतात? चार घरी जाऊन ओळख करून देतात."

"मी नव्हती करून दिली," साडू म्हणाले.

"म्हणून एकोणीस वर्षांत आपल्याला कुणी ओळखत नाही."

साडूंनी भात कालवून पहिला घास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या रजा मिळेल का तुम्हाला?"

शुक्रवारी सकाळी आम्ही बजबज लोकलमध्ये बसलो. साडूंनी डबा घेतला होताच. खरेदीवाले बाबू आम्हाला पाहून चकितच झाले. मेल पोचली का हे विचारायला माणूस गाडीत बसून येतो, हे त्यांना फार आवडलं. साडू कामाचं बोलू लागले तसा त्यांनी हात वर केला. "आगे मिष्टी, तारपोरे काज." आधी मिठाई, मग काम. टेबलावर संदेशांची बशी आली. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्या माणसाने डोळे मिटून एक संदेश तोंडात टाकला, आणि डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर असा भाव होता की एकोणीस वर्षं कुणीतरी आपल्याला फसवलं, आणि तो कुणीतरी आपणच. "आर एकटा निन, दादा," बाबू म्हणाले. अजून एक घ्या. दादांनी आणखी तीन घेतले.

मग स्पॅम उघडलं. लॉटरी लागल्याचं एक पत्र, टकलावर केस उगवण्याचं दुसरं, आणि दोघांच्या मध्ये साडूंचं "सविनय निवेदन". "या लोकांच्या पंक्तीला बसवलं हो मला!" ते मराठीत कळवळले. बाबूंना शब्द कळला नसेल, पण दुःख कळलं. त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र बाहेर काढलं आणि तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. वर शेजारच्या चार टेबलांवरही तेच करायला लावलं.

दुपारी गार्डन रीचच्या दोन जहाजदुरुस्तीवाल्यांकडे चहा आणि सिंगाडे, म्हणजे आपले समोसे, झाले. संध्याकाळी बागबाजारला एका जुन्या पेढीच्या म्हाताऱ्या मालकांनी, आम्ही मराठी आहोत हे कळताच, हिंदीत सुनावलं, "आप ही लोगों को रोकने के लिए तो यहाँ से खंदक खोदा गया था. आइए, बैठिए."

मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला अठराव्या शतकात खणलेल्या त्या खंदकाचं ऐकून साडू जरा बावरले. "खंदक है अभी?"

"कब का भर गया. ऊपर रास्ता है, आप उसी से आए." आणि म्हातारे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पेढीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवरून आमच्या पत्रांची सुटका झाली आणि साडूंना रविवारी नातवाच्या अन्नप्राशनाचं, म्हणजे उष्टावणाचं, आमंत्रण मिळालं. डबा तसाच भरलेला घरी आला. तो मी खाल्ला.

शनिवारी दुपारी बजबजची ऑर्डर आली, ठाकुरघरात. साडूंनी ती उभ्याने सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली. पुढच्या पंधरवड्यात बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही ते जातीने जाऊन आले, आणि हळूहळू कंपनीची पत्रं सगळीकडे सरळ पोचू लागली. सर्व्हर राहिला, नोकरी राहिली. मात्र त्यानंतर आमचे रविवार गेले. फोन करावा तर साडू कुणाच्या तरी गृहप्रवेशाला, कुणाच्या तरी आजोबांना बघायला इस्पितळात, नाहीतर बागबाजारच्या म्हाताऱ्यांबरोबर गंगेच्या घाटावर बुद्धिबळ खेळायला गेलेले असायचे. ताईंनाही बरोबर नेत. ताई हसून हसून सांगायच्या की आता यांच्यामुळे माझीच दमणूक होते.

वर्षभराने माझी नाशिकला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर साडू बजबजच्या बाबूंच्या मुलीच्या लग्नात वाढायला गेलेले. दिवेलागणीला आले, तोंडात पान, सदऱ्यावर हळदीचा डाग, आणि लग्नातल्या गमती सांगत सुटले. मीच शेवटी म्हणालो, "आमची गाडी उद्या सकाळची आहे."

ते बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "साडूभाऊ, एक सांगू? वीस वर्षांत इथून किती मराठी कुटुंबं गेली. प्रत्येक वेळी वाटायचं, हा सुटला. आज पहिल्यांदाच वाटतंय, हा चालला."

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेवाही वाटला. तीन वर्षं मी त्या शहरात राहिलो, पण तिथून निघताना जिचा निरोप घ्यावा अशी दुसरी एकही जागा मला नव्हती.