साडूच्या गच्चीवरचा कर्णा

ग्रामोफोनचं यंत्र लाकडी पेटीत असतं, म्हणून टिकतं. कर्णा बिचारा बाहेर. पातळ पत्र्याचा, ओल लागली की गंजतो, पडला की चेपतो, शेवटी कुणीतरी त्याचं नरसाळं करतं. औरंगपुऱ्यात जुना माल विकणारे मला चकचकीत पितळी कर्णे दाखवतात, ते सगळे नवे. माझ्या यंत्राला हवा होता पाकळ्या-पाकळ्यांचा, आतून गुलाब रंगवलेला. कित्येक वर्षं ते यंत्र कर्ण्यावाचून बैठकीत मुकं बसून आहे.

तो कर्णा मला दिसला मुकुंदवाडीत, साडूच्या गच्चीवर. हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. याला गाण्यातलं काडीचं कळत नाही. फुलंब्रीला याच्या मामाकडं पोत्यात ज्वारी ओतायला तो कर्णा वापरायचे. यानं आणला, त्यात वेल लावायला. मी गावोगाव चपला झिजवल्या आणि याला आयता मिळाला. माझा नुसता जळफळाट झाला.

मेव्हणी राख आणि काथ्या घेऊन तो घासायला बसली होती. 'ही अडगळ मला द्या' एवढंच मी सहज म्हणायला हवं होतं. पण काथ्या गुलाबांकडं सरकला आणि मी ओरडलोच, "घासू नका, रंग जाईल. असा कर्णा आता शोधून सापडत नाही."

साडूनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग कर्ण्याकडं. "एवढा भारी हाय व्हय?" म्हणाला आणि बायकोच्या हातातून तो काढून घेतला.

आता तो त्याच्या हॉलमध्ये भिंतीवर आहे. आल्यागेल्याला सांगतो, "आमच्या साडूभाऊंनी पारखलाय, लई दुर्मिळ हाय." पारख माझी आणि मिरवणार हा. तिथला चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. रंगाला ऊन लागू नये म्हणून खिडकीला पडदा लावा, असं मीच सांगितलं होतं. त्यानं लगेच लावला, याचा तर मला जास्तच राग येतो.

गेल्या रविवारी दोघं आमच्याकडं जेवायला आले. हात पुसता पुसता साडू म्हणाला, "साडूभाऊ, नुसता कर्णा भिंतीवर बरा दिसत नाय. खाली मशीन पाहिजे."

मी बडीशेपेचा डबा शोधायला लागलो. तेवढ्यात बायको फडक्यानं माझ्या यंत्रावरची धूळ पुसत म्हणाली, "मग हे घेऊन जा ना, दाजी. इथं नुसतंच पडून हाय."