शेवटी काढलेलं वर बसतं

लोकांना हसू आलं की किस्से आठवतात. मला डोकं तापलं की आठवतात. माझ्या डोक्यात ते रागानंच चिकटून बसलेत, खरकटं भांडं वाळल्यासारखे. किती घासा, निघत नाहीत! परवा हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, "अक्का, तोंडानं किती सांगशील? लिही की." मग म्हटलं, लिहूया. वाचून कुणाला राग आला तर बरंच. माझा जरा हलका होईल.

किस्से आमच्या कॉम्प्युटर क्लासचे. शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर क्लास. आम्ही कळंब्याच्या बचत गटातल्या बायका, फुकट शिकवतात म्हणून गेलो. शिकायचं काय, तर वेबपेजवर गोल, चौकोन, त्रिकोण काढायचे. हातानं नाही, माउसनंही नाही. 'सर्कल', 'रेक्ट' असं इंग्रजीत लिहायचं, पुढं आकडे द्यायचे, की पडद्यावर आकार हजर. याला कोड म्हणतात.

*

पहिल्या दिवशी सरांनी एकेकीला शिक्षण विचारलं. सर तिशीतले, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना आमच्याकडं कमी आणि मोबाईलकडं जास्त बघायचे.

मी म्हटलं, "चौथी."

"मग काकू, तुम्ही मागं बसा. नुसतं बघा."

"नुसतं बघायला मी सर्कशीला आलोय व्हय?"

पहिल्या रांगेतली खुर्ची ओढली आणि बसले. सर म्हणाले, "इंग्रजी अक्षरं तरी येतात का?"

"दुकानांच्या इंग्रजी पाट्या वाचतच आलोय की. तुमी शिकवा, न्हाय आलं तर मग बोला!"

त्या दिवसापासून त्यांनी मला काकू म्हणायचं बंद केलं. अक्का म्हणायला लागले. जरा लांबनंच.

*

माझ्या शेजारी रंजना बसायची. माहेर मुरगूडचं, लग्न होऊन कळंब्यात आलेली. बोलणं एवढं हळू की पंखा बंद करून ऐकावं लागायचं. पण हात चलाख. तिनं पहिलं घर काढलं. खाली चौकोनाची भिंत, वर त्रिकोणाचं छप्पर. छप्पर उंच म्हणून त्याला मोठा आकडा दिला.

पडद्यावर भिंत वर आणि छप्पर तिच्या खाली, जमिनीत!

सर खो-खो हसले. "रंजनाताई, भूकंप झाला काय तुमच्याकडं?" सगळा क्लास हसला. पोरीच्या डोळ्यांत पाणी.

मग सरांनी सांगितलं, की शून्य वरच्या कोपऱ्यात असतो आणि खाली जाईल तसा आकडा वाढतो.

माझं टाळकं सरकलं. "मग हे आदी सांगायला काय झालतं? आमच्यात उंची जमिनीपासनं मोजत्यात. तुमी पोराची उंची छतापासनं मोजता व्हय?"

सर म्हणाले, "बेसिक आहे हो ते."

बेसिक! स्वतः सांगायचं विसरले की ते बेसिक, आणि आमच्याकडनं चुकलं की भूकंप!

*

रंगांची नावंही इंग्रजीत लिहायची. मला एकच येत होतं, रेड. मी झाड काढलं. लाल खोड, लाल पानं, वर लाल सूर्य.

सर मागं येऊन उभे राहिले. "अक्का, झाड लाल?"

"मिरचीचं हाय."

"आणि खोड?"

"लई तिखट हाय!"

हिरव्याला काय म्हणतात ते त्यांनी तरीही सांगितलं नाही. रंजनानं हळूच कानात सांगितलं.

*

आमच्यात वयानं सगळ्यात थोर कमळाकाकू. त्यांनी गोल भाकरी काढायला घेतली. गोलाला मधनं कडेपर्यंतचं माप द्यावं लागतं. काकूंनी या कडेपासून त्या कडेपर्यंतचं दिलं. भाकरी पडद्याच्या चारी बाजूंनी बाहेर गेली, नुसता पांढरा रंग उरला.

सर ओरडले, "अहो, एवढी भाकरी कोण खाणार आहे?"

काकू थंडपणे म्हणाल्या, "तुमी आमच्या मालकास्नी बघितलं न्हाय अजून."

त्या दिवशी मला राग आला नाही. एवढा एकच दिवस.

*

एका दुपारी रंजनाचा नवरा क्लासमध्ये आला. दारातच उभा, गाडीची किल्ली बोटात फिरवत. रंजनाच्या पडद्याकडं बघून म्हणाला, "गोल काढाय शाहूपुरीत यायला लागतंय व्हय? घरात ताटली उपडी ठेव, पेन्सिल फिरीव. झाला गोल!"

सर हसले. मला नवऱ्यापेक्षा सरांचाच जास्त राग आला. अहो, तुमचीच विद्या ना ही? तिला कोण ताटली म्हणतंय आणि तुम्ही दात काढताय!

मी म्हटलं, "पावणं, ताटली उपडी ठेवल्यावर तुमचं जेवान कुठं वाढायचं?"

बायका हसल्या. पावण्याचं तोंड उतरलं. जाताना रंजनाला म्हणाला, "क्लास संपताना कार्यक्रम हाय न्हवं? बघायला येतो. तिथं तुझं काय दिसलं तर बघू पुढच्या क्लासचं. न्हायतर हितनं पुढं घर बरं आन् तू बरी."

पुढच्या क्लासमध्ये दुकानांची पेजं करायला शिकवणार होते. रंजना त्यावरच डोळे लावून बसलेली. तो गेल्यावर तिनं एकच विचारलं, "अक्का, दिसंल न्हवं माझं?"

"न दिसायला काय झालं?" मी म्हटलं.

*

कार्यक्रमासाठी तिनं माहेरचं गुऱ्हाळ काढलं. उभ्या चौकोनाची चिमणी, वर धुराचे गोल, खाली जाळाचे त्रिकोण आणि मधोमध भली मोठी काहील. काहिलीत उसाचा रस म्हणून पिवळा गोल. पण रस दिसेचना!

"सर, रस कुठं गेला?"

"तुम्ही रस आधी लिहिलाय, काहील नंतर. शेवटी काढलेलं वर बसतं. खालचं असतं, पण दिसत नाही."

मी म्हटलं, "मग आमी सगळ्या आदीच काढलेल्या दिसतोय!"

सरांना कळलं नाही. बायकांना कळलं. रंजनानं रसाची ओळ उचलून शेवटी टाकली आणि काहील भरली. एवढं सुंदर पिवळं! कमळाकाकूंनी पडद्याला नाक लावून वास घेतला.

*

आता कार्यक्रमाचं.

मोठ्या पडद्यावर दाखवायचं एकच चित्र निवडलेलं, रंजनाचं. आम्ही खुशीत जरा आधीच गेलो. पडद्यावर गुऱ्हाळ होतं. आणि खाली पांढऱ्या जागेत मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव होतं. सरांचं!

मी विचारलं, "हे काय?"

"अहो अक्का, माझ्या मार्गदर्शनाखाली झालंय ना? बाहेरचे पाहुणे येणार. बायकांची नावं कुठं टाकत बसू एकेक?"

"एकच तर चित्र हाय. एकच नाव टाका की!"

"पुढच्या वेळी बघू," म्हणाले आणि शाल-नारळ घेऊन पाहुण्यांना आणायला जिना उतरले.

रंजना पांढरीफटक. मागच्या रांगेत तिचा नवरा हाताची घडी घालून बसला होता. ती म्हणाली, "असू दे अक्का."

असू दे! याच शब्दानं माझं पित्त खवळतं. चिमणी हिनं बांधायची, जाळ हिनं घालायचा, आणि नाव त्याचं? मी सरांच्या खुर्चीत बसले. बायकांना म्हटलं, "जिन्याकडं बघा गं."

एका बोटानं टाईप केलं. सगळ्यात शेवटच्या ओळीखाली रेक्ट. आकडे रंजनानं सांगितले, रंग व्हाईट. नाव गेलं, पांढरी भिंत उभी राहिली.

मग मी उठले. "आता तू बस. तुझं तू लिही."

तिनं माझ्या ओळीच्याही खाली आपलं नाव लिहिलं.

पाहुणे आले, सत्कार झाला. सर हात पडद्याकडं करून, पाठ पडद्याला ठेवून मोठ्यानं म्हणाले, "आणि हे चित्र कुणी केलंय, ते खाली लिहिलेलंच आहे!"

मुख्य पाहुणीबाईंनी वाचलं, "रंजना! कोण आहेत या?"

टाळ्या पडल्या. मागनं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नवरा छाती काढून उभा! "आमची मंडळी हाय ती! ओ सर, पुढचा क्लास कवा हाय हिचा?"

सरांनी वळून पडदा बघितला. तोंडावरचं हसू तसंच ठेवून माझ्याजवळ आले, वाकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "अक्का, माझं नाव कुठं गेलं?"

"हाय की सर तितंच. असतं, पण दिसत न्हाय."