नो मास्तरांची इंग्रजी पहिली

पुढे शिकायची इच्छा आहे का, असं शाळा तपासायला आलेल्या गोऱ्या साहेबाने मला भर वर्गात विचारलं आणि मी दोन्ही वेण्या मागे झटकून खणखणीत आवाजात म्हणाले, "नो, सर!" तेरा वर्षांची घोडी होते. साहेब काय विचारतो आहे, त्यातलं एक अक्षर मला कळलं नव्हतं. पण महाडच्या मुलींच्या शाळेत त्या दिवशी इंग्रजीत उत्तर देणारी मी एकटीच, त्यामुळे खाली बसले ती अशा थाटात, जणू साहेबाला मीच नोकरीवर ठेवला आहे. नातवंडं म्हणतात, आजी, तू इतकी मठ्ठ होतीस? होते. पण त्या मठ्ठपणात अर्धा वाटा माझ्या गुरूचा होता, आणि तो वाटा त्यांनी स्वतः मागून घेतला. म्हणून त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे.

गाव त्यांना नो मास्तर म्हणे. उंच, काटकुळे, उन्हापावसात एकच काळी छत्री. पूर्वी ते महाबळेश्वरला गोऱ्या अंमलदारांना मराठी शिकवायचे. एका उन्हाळ्यात काय बिनसलं कुणास ठाऊक, पण एक ट्रंक आणि ती छत्री घेऊन आंबेनळीचा घाट उतरले, पोलादपूरला थांबले नाहीत, थेट महाडला आले आणि भाड्याच्या घराच्या पडवीत त्यांनी इंग्रजीचा वर्ग काढला. त्या काळी मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली लागायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. मास्तरांच्या पडवीत मात्र इयत्ता त्यांच्या स्वतःच्या होत्या. त्यांची इंग्रजी पहिली म्हणजे फक्त 'नो'. नो सर, आय विल नॉट, आय डू नॉट वाँट. महिनोन्महिने हेच. 'यस' म्हणायला बंदी.

"एवढ्या साहेबांना मराठी शिकवलं," ते म्हणायचे. "पहिल्या दिवशी प्रत्येकाचं मागणं तेच. 'पाणी आण' कसं म्हणतात? 'घोडा आण' कसं म्हणतात? 'चूप' कसं म्हणतात? साहेब आपली भाषा हुकमापासून शिकतो. मग आपण त्याची नकारापासून शिकलो तर कुणाचं काय गेलं?" आणि एखाद्या मुलाच्या बापाने 'यस सर' कधी शिकवणार असं विचारलंच, तर उत्तर तयार असे. "ते या तालुक्यात जन्मतःच येतं. त्याची फी घ्यायला मला लाज वाटते."

मराठीतसुद्धा त्यांचा नकार नकारच असायचा. आपल्याकडे पंगतीत 'नको' म्हणजे 'थोडं वाढा', हे तान्ह्या पोरालाही कळतं. आमच्या घरी मुंज होती. मास्तर श्रीखंडाला नको म्हणाले. माझी काकू आग्रहाची मोठी, पुन्हा वाकली. मास्तरांनी पानावर हात आडवा धरला. काकूने तो लटका नकार समजून भला मोठा डाव त्या हातावरच पालथा केला. मास्तर शांतपणे उठले, मोरीवर जाऊन हात धुऊन आले, पुन्हा पानावर बसले आणि म्हणाले, "नको म्हटलं होतं." काकूने त्यानंतर त्यांना साधं ताकसुद्धा विचारून वाढलं. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र एवढा दरारा नव्हता. मास्तरीणबाई आतून हाक मारायच्या, "अहो, नो म्हणून झालं असेल तर विहिरीवरून दोन घागरी आणा!" आणि मास्तर छत्री कोपऱ्यात टेकवून निमूट घागरी उचलायचे.

वर्ग चांगला भरला होता. माझा धाकटा भाऊही तिथे जायचा. मग चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. गावात काय काय झालं ते ठाऊक असणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यात आमच्या आळीने मान वर करून सांगावं असं काही केलं नाही. त्याच पावसाळ्यात जवळच्या नाते गावाहून, तिथल्या महारवाड्यातले एक पेन्शनर हवालदार आपल्या मुलाला, सखारामला, घेऊन मास्तरांच्या अंगणात उभे राहिले. पलटणीत चाकरी केलेला माणूस, पाठ ताठ, पण आवाज जपून काढलेला. "मास्तर, पोराला इंग्रजी यावी असं वाटतं. तो हितंच अंगनात बसल, वर येनार नाय."

मास्तर म्हणाले, "अंगणात बसला तर मला ओरडून शिकवावं लागेल. माझा घसा बरा नाही. वर बस रे."

दुसऱ्या दिवशी गावातले चार वजनदार गृहस्थ पडवीत हजर. मुलाला खाली बसवा, नाहीतर आमची मुलं येणार नाहीत. वर्गातल्या मुलांनी कान टवकारले, की आता मास्तर इंग्रजीत 'नो' म्हणणार. मास्तर म्हणाले, "नाही." एकाने चिडून विचारलं, "का हो, आज इंग्रजी विसरलात?" तर म्हणाले, "तुम्हाला समजायला हवं ना."

आठवडाभरात पडवी रिकामी. आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, बाजारात कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक दुखवायचं नाही हा त्यांचा एकच धर्म, त्यामुळे भावालाही काढलं. त्याची पाटी आणि बसकर तिकडेच राहिलं होतं, ते आणायला मला धाडलं. मी गेले ती त्या बसकरावर बसले. का बसले? मोठी बाणेदार होते म्हणून नव्हे हो. घरी परतले असते तर आजीने पापड लाटायला बसवलं असतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भावाची पाटी आहे, तुझी अक्कल आहे. म्हण, नो."

घरच्यांनी जाऊ कसं दिलं, असं लोक विचारतात. अहो, मुलगी बसली म्हणजे कुणी बसलं असं गाव धरतच नव्हतं! आजी तेवढी मागच्या दारी पाण्याची घागर घेऊन उभी असायची. रोज डोक्यावरून पाणी, मगच घरात पाऊल. पहिले काही दिवस मीही शहाणी परकर गोळा करून सखारामपासून हातभर लांब बसायची. मास्तर एवढंच म्हणाले, "गोदे, एका हाताने परकर धरलास तर पाटी कशाने धरणार?" सखाराम हसला नाही. मला मात्र त्याच्याआधी धडा पाठ करायचा होता, त्या नादात परकर सुटला तो सुटलाच.

आणि मग तो साहेब आला. इंग्रजी शाळेचे हेडमास्तर त्याच्याबरोबर होते. मुलगी हो म्हणाली तर तिला आमच्या शाळेत घेऊन बघू, असं दोघांचं आधीच ठरलं होतं म्हणे. माझं 'नो, सर' ऐकून साहेबाने खांदे उडवले आणि ते पुढच्या वर्गात गेले. नानांच्या उरावरचा धोंडा उतरला. पोलादपूरचं एक स्थळ सांगून आलं होतं, नाक्यावर दुकान, माणसं बरी. आता नाना जो भेटेल त्याला सांगायचे, "आमची कुठे ना होती? पोरीनेच साहेबाला तोंडावर सांगितलं, शिकायचं नाही." येत्या वैशाखात उडवून द्यायचं असं घरात बोलणं सुरू झालं. म्हणजे मी नेमकं काय घालवलं होतं, ते मला लग्नाच्या बोलण्यांवरून कळलं. असा माझ्या इंग्रजीचा पहिला विजय.

त्याच्या आधी, साहेब आला त्याच संध्याकाळी, मी ऐटीत मास्तरांकडे गेले होते. "साहेबाला नो म्हटलं!"

"शाबास. काय विचारलं होतं त्याने?"

"ते नाही कळलं."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी मला आणि सखारामला समोर बसवून म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुम्हाला दार लावायला शिकवलं. बाहेर कोण उभं आहे ते विचारायला शिकवलं नाही." गावाला नमवता आला नव्हता असा माणूस, आणि आम्हा पोरांपुढे एवढं सरळ बोलला. मी मूर्ख होते, पण तेवढं न कळण्याइतकी नव्हते.

त्या दिवसापासून इंग्रजी दुसरी. एकच वाक्य: मला समजलं नाही, पुन्हा सांगा. "आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन." मास्तर ते मान वर ठेवून म्हणायला लावायचे. "मान खाली घालून हे म्हटलं की भीक होते. मान वर ठेवून म्हटलं की समोरच्याच्या मागे काम लागतं." मी घरी सराव केला. आजीने पाणी तापव म्हटलं, मी म्हटलं पुन्हा सांग. आजीने पुन्हा सांगितलं, पण हाताने. सखारामचं बरं चाललं होतं. त्याचे वडील पलटणीत हे वाक्य ऐकून होते, ते घरी त्याला मुद्दाम इंग्रजीत काहीतरी दडादडा बोलत आणि तो त्यांना थांबवी.

तिसरी म्हणजे 'व्हाय'. रोज प्रत्येकाने एक 'का' विचारायचा. माझे आपले, कावळा काळा का, आजी ओरडते का. सखारामने एक दिवस शब्द जुळवत जुळवत विचारलं, तळ्याचं पाणी गुरं पितात, मग मी का नाही? मास्तरांनी त्याला ते पाटीवर लिहायला लावलं. मग म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. याचं उत्तर इंग्रजीतसुद्धा नाही." त्यानंतर कावळा विचारायची मला लाज वाटू लागली.

माघात पोलादपूरची माणसं मला पाहून गेली. मास्तरांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला इंग्रजी शाळेच्या दारापर्यंत आणलं आणि ते बाहेरच्या आंब्याखाली थांबले.

"तुम्ही नाही येणार?" मी विचारलं.

"मी आलो तर ते माझ्याशी बोलतील. जा."

हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि इंग्रजीची सरबत्ती सुरू केली, मुद्दाम भरभर, पोरीने रडत बाहेर जावं म्हणून. मी म्हणाले, समजलं नाही, पुन्हा सांगा. ते पुन्हा बोलले. मी पुन्हा तेच म्हणाले. शिपाई दारात हसू लागला. माझी मान वर ठेवून ठेवून दुखू लागली होती. तिसऱ्यांदा हेडमास्तर चिडून इतके सावकाश बोलले, की शब्दन् शब्द सुटा झाला. साहेबांनी तुला संधी दिली होती, तू स्वतः नको म्हणालीस, आता कशाला आलीस?

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तेव्हा मला प्रश्न समजला नव्हता. आता समजेल. पुन्हा विचारा."

शिपायाचं हसू थांबलं. हेडमास्तर टेबलावर पेन्सिल आपटत म्हणाले, मुलग्यांच्या वर्गात बसशील कुठे, मुलांचे आईबाप तक्रार करतील. मी म्हटलं, "व्हाय?" शेवटी, कंटाळून म्हणा की कशाने म्हणा, त्यांनी विचारलं, "डू यू विश टू स्टडी?" आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न शिकवलेला तो शब्द मी उच्चारला.

नानांना हेडमास्तरांनी स्वतः बोलावून घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणायला नाना काही नो मास्तरांकडे शिकले नव्हते. सही करून आले आणि घरी आजीला म्हणाले, "माझा काय इलाज होता?" परीक्षा घेऊन मला इंग्रजी दुसरीत बसवलं, भिंतीकडच्या वेगळ्या बाकावर. पोलादपूरच्या लोकांना सांगितलं, मॅट्रिकपर्यंत थांबायचं असेल तर थांबा. मुलगा थांबला. पुढे लग्न त्याच घरात झालं, आणि किती वर्षं थांबलो हे तो माणूस हयात असेपर्यंत मला ऐकवत होता. सखाराम मुंबईला मामाकडे गेला, तिथे मॅट्रिक झाला.

मास्तर गेले तेव्हा मी पोलादपूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. मला उशिरा कळलं. तिरडीबरोबर आमच्या आळीतलं कुणी गेलं नाही. नाते गावाहून हवालदार आले होते, त्यांच्याबरोबर वीसेक माणसं, आणि परकर-पोलक्यातल्या मुली. होय, मुली. माझं नाव इंग्रजी शाळेत लागलं, त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून मास्तरांच्या पडवीत मुली बसू लागल्या होत्या. त्यांना कुणी कुणाच्या परसातून, गोवऱ्या थापण्यावरून, आयांच्या शिव्या खात ओढून आणलं, ते मी सांगत नाही. पण का आणलं, तेवढं सांगते.

हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मास्तर आंब्याखाली तसेच उभे होते. मी धावत जाऊन सगळं एका दमात सांगितलं, काय विचारलं, मी काय म्हणाले, शिपाई कसा गप्प झाला. आता पाठीवर हात फिरवतील म्हणून वाट पाहत राहिले. मास्तरांनी छत्री उघडली, चार पावलं पुढे गेले, मग मागे वळून म्हणाले, "उद्यापासून माझ्याकडे येऊ नकोस. आणि आलीस, तर एकटी येऊ नकोस."