शाईचा अंगठा
आज टपाल कचेरीत शिक्क्याच्या शाईचा वास आला आणि मला सात वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. मुलगी पहिलीत होती तेव्हा शाळेत पालकांची सभा होती. केबिन रोडला भाजी विकून मी तशीच गेले होते, साडीला मेथीची माती लागलेली. वर्गाच्या दारात मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. "ही तुमचीच मुलगी का?" त्यांनी विचारलं. मी आमच्या मोरवा गावच्या बोलीत म्हटलं, "हाय." तो एक शब्द ऐकला आणि त्यांनी वहीवरचं पेन उचलून शाईचं पॅड माझ्यापुढे सरकवलं. "लावा अंगठा." मी चौथी शिकलेय, मला सही येते. पण मागे रांग खोळंबली होती. मी अंगठा लावला. मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, तुला नाव लिहिता येतं ना?" मी तिचा हात दाबला. माझ्यामागच्या पर्सवाल्या बाईला मॅडमनी हसून पेन दिलं. ती पेन धरून नुसती उभी राहिली, मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "दीदी, मेरा नाम लिख दोगी?" निळ्या अंगठ्याने पेन धरून मी तिचं नाव लिहिलं. ते बघून मॅडम माझ्यावरच खेकसल्या, "अहो, लिहिता येतं तर सांगायचं ना!" मला त्यांची शिसारी आली, आणि गप्प बसले म्हणून माझीही. आता मुलगी आठवीत आहे. अजूनही सभेला जाताना मी दारातच पिशवीतून पेन काढते, सगळ्यांना दिसेल असं हातात धरते, आणि तसं धरण्याचीही मला किळस येते.