भर दुपारचा मृग

"मॅडम, सगळं दाखवलंत. पण आमचा मृग कुठाय?"

अंधारात आप्पांचा आवाज आला. आप्पा म्हणजे वरवंडच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. ऊस आणि कांदा करणारे जुने शेतकरी. त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक सर, मागे आठवीचा वर्ग. सगळे माझ्या डोममध्ये सतरंजीवर आडवे. डोम म्हणजे हवा भरून उभा केलेला कापडी घुमट. आत प्रोजेक्टर, वर आकाश. हे फिरतं तारांगण मी एका कंपनीसाठी शिरूर-दौंड भागात चालवते. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. फिजिक्स. विचारलं नाही तरी सांगते.

त्या दिवशी डेमो होता. आप्पा हो म्हणाले, तर संस्थेच्या सगळ्या शाळांचं काम आमचं. नाही म्हणाले, तर डोम नाशिकला जाणार, हे बॉसनी सकाळीच फोनवर ऐकवलं होतं. डोम गेला की इथली माझी नोकरीही गेली.

मी नेहमीसारखं त्याच दिवसाचं, रात्री आठचं आकाश लावलं होतं. जून महिना. माथ्याजवळ स्वाती, उत्तरेला सप्तर्षी, पश्चिमेला सिंह, आग्नेयेला वर येणारा विंचू. मृग नव्हताच.

"आप्पा, जूनमध्ये मृग रात्री दिसत नाही."

"दिसत न्हाई? आवं, मृग कवाच लागलाय. आख्खा तालुका पेरणीच्या घाईत हाय, आन् तुमच्या मशीनला पत्ता न्हाई?"

पोरं खिदळली. सर खाकरले. "मॅडम, सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या."

चूक मशीनची नव्हती, आप्पांचीही नव्हती. पण नुसतं तोंडानं सांगितलं असतं, तर ती सबब वाटली असती. मी घड्याळ फिरवून दुपारचे बारा केले. डोम निळाभोर झाला. सूर्य जवळजवळ माथ्यावर.

"आता ह्यात काय बघायचं?" आप्पा म्हणाले. "ऊन तर बाहेर फुकट हाय."

"थांबा. दिवसाही तारे वर असतातच. हवेत उजेड पसरतो म्हणून दिसत नाहीत. आता हवा काढून टाकते."

सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. बटण दाबलं. निळा रंग गेला. काळ्या आकाशात सूर्य तसाच राहिला, आणि त्याच्या खाली, दक्षिणेला, एका रेषेतले तीन तारे. भोवती चार.

आप्पा उठून बसले. "आरं, ह्यो तर सूर्यासंगं हिंडतोय."

"म्हणूनच मृग लागला म्हणतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा सूर्य दर काही दिवसांनी वेगळ्या नक्षत्रात दिसतो. सध्या मृगात आहे. दोघं बरोबर उगवणार, बरोबर मावळणार. रात्री कुठून दिसेल?"

"आन् थंडीत कांद्याला पाणी देताना चांगला डोक्यावर असतो. मला वाटायचं, आता काम न्हाई म्हणून मोकळा हिंडतोय."

मी महिने पुढे नेले. तारे सरकत गेले. जानेवारीच्या रात्री मृग ऐन वर आला.

"माझी लेक मेलबर्नला हाय. तिला दिसतो का ह्यो?"

महिना तोच ठेवून मी जागा बदलली. मृगाचे पाय वर, डोकं खाली झालं. "दिसतो, पण उलटा. ती पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात राहते ना."

"जावई बी तसाच हाय," आप्पा म्हणाले. पोरांआधी सरच हसले.

बाहेर आल्यावर आप्पांनी चप्पल घालता घालता निकाल दिला. "सर, समद्या शाळांना लावा. पैला शो मास्तरांना दाखवा."

संध्याकाळी बॉसचा फोन. "काय दाखवलंस?"

"भर दुपारी मृग."

"ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं?"

"नाही."

"मग नाशिकच्या टीमला शिकव."

शिकवलं. त्यांना एवढंच सांगितलं, समोरच्यानं मागितलेली गोष्ट आपल्याकडे नसेल, तर नाही म्हणून मोकळं होऊ नये. ती सध्या कुठं गेलीय, ते दाखवावं.