चिकटलेली पिशवी

गाईच्या गुदद्वारातून खांद्यापर्यंत मी हात घातला. गर्भाशय, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीत पिशवी, असंच आतून चाचपतात. निरोगी पिशवी हाताखाली सरकते. ही हलेना. दोन महिन्यांपूर्वी मीच हिचं पोट फाडून मेलेलं वासरू काढलं होतं. त्या टाक्यांपाशी पिशवी पोटाला घट्ट चिकटली होती.

भोसरीच्या धोंडिबाची ही एकुलती गाय. घरात तीन पोरं, त्यांना दूध हिचंच.

"डाक्टर, माणचा मेव्हणा हिच्या बदल्यात गाभण कालवड देतोय," धोंडिबा म्हणाला. "त्याला आत्ताच दूध पायजे. हिचं पोट फाडल्यालं ठावं हाय त्याला. देऊ का?"

द्या म्हणायला हवं होतं. पण ते माझं पहिलंच सीझेरियन. चाकणच्या आमच्या दवाखान्यात साहेब आल्यागेल्याला त्याचं कौतुक सांगत. वर बजावत, "गाय पुन्हा गाभण राहू दे, मग वरच्या ऑफिसला रिपोर्ट पाठवू." तो रिपोर्ट माझ्या डोक्यात बसला होता.

"कशाला देताय?" मी म्हणालो. "वर्षभरात पुन्हा विईल."

गाय दर एकवीस दिवसांनी माजावर यायची. धोंडिबा तिला वळूकडे न्यायचा. माज येतो बीजांडकोशामुळे, आणि तो ठीक होता. गर्भ धरायची पिशवीच जायबंदी होती. हे मला माहीत होतं, त्याला नाही. दर वेळी मी "पुढच्या माजाला बघू" म्हणत राहिलो. आजही सांगायला लाज वाटते.

गाय आटली. पोरं कोऱ्या चहावर आली, तेव्हा कुठे मी त्याला पिशवी चिकटल्याचं सांगितलं.

"हे कवा कळलं तुमास्नी?"

"मेव्हण्याचं विचारलंत, त्याच दिवशी."

"मंग बोलला का न्हाई?"

मी रिपोर्टचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि गाईला वैरण टाकायला गेला. पुढे साहेबांची बदली झाली. रिपोर्ट कुणी मागितलाच नाही.

वर्षाने धोंडिबाने दुसरी गाय आणली. ती वितानाच अडली. सायकलवरून मी दोन तासांत पोचलो असतो, पण निरोपच आला नाही. आठवड्याने चाकणच्या बाजारात कळलं, गाय आणि वासरू दोन्ही गेली. डॉक्टरला बोलवा, असं शेजारी म्हणत होते. धोंडिबा म्हणाला होता, "त्यो खरं सांगत न्हाई."

नंतर नोकरीत बरीच सीझेरियन केली. दोन महिन्यांनी जाऊन तपासायचं आणि हाताला जे लागेल ते हात धुण्याआधी मालकाला सांगायचं, एवढं पाळलं. खरं सांगायला कॉलेजात जावं लागत नाही.